चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. मोजायची नव्हे, जखमेवर बांधायची नव्हे आणि मास्तरांच्या हातातली तर मुळीच नव्हे. एक डोळा झाकण्यासाठी लहान मुलांच्या चष्म्याच्या काचेवर टोपीसारखी चढवतात ना, ती मी. गडद निळ्या जाड कापडाची, मुठीत मावेल एवढी. माझी एक बाजू डोळ्याकडे असते आणि दुसरी जगाकडे, त्यामुळे दोन्हीकडची घाण माझ्याच वाट्याला येते. आयुष्यभर मी शी शी करतच जगले. माझी गोष्ट ऐकताना तुम्हीही नाक मुरडाल. खुशाल मुरडा, पण ऐका.

माझा जन्म चष्म्याच्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे चष्मेवाल्या काकू म्हणत. गिऱ्हाईक नसलं की त्या उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्या शिवत बसत. कापडाची दुहेरी घडी घालून त्यांनी मला काच सरकेल असा खिसा केला आणि कानाच्या बाजूला पंखासारखी एक रुंद पाख ठेवली, कारण मुलं मोठी लबाड असतात, कडेच्या फटीतून बघतात. मला उजव्या काचेसाठी बेतलं होतं. शेवटचा दोरा काकूंनी दातांनी तोडला. समोर कात्री पडलेली असताना दातांनी! माझ्या आयुष्यातली पहिली शिसारी ती. मग त्यांनी मला आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

आरशाशेजारी टांगलं गेलं की माणसं हौस फिटेपर्यंत दिसतात. एक गृहस्थ यायचे, दुकानातली प्रत्येक फ्रेम नाकावर चढवायचे, हनुवटी इकडून तिकडे फिरवायचे आणि काहीही न घेता निघून जायचे. मागे राहायचं त्यांच्या नाकाचं तेल. पुढचं गिऱ्हाईक तीच फ्रेम आनंदानं घालायचं. कुणी काचेवर 'हाऽ' करून तोंडातली वाफ सोडायचं आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायचं. त्या टोकानं सकाळपासून आणखी काय काय पुसलं होतं ते देव जाणे. पण खरी किळस मला यायची ती नंबर काढायला बसलेल्या शहाण्यांची. अक्षर दिसत नसलं तरी ठोकून द्यायचे. आधीच्या माणसानं वाचलेलं लक्षात ठेवून घडाघडा म्हणायचे. अरे, डोळे तपासायला आलात ना? मग पहिला नंबर काढायला आल्यासारखे का वागता? मला वाटायचं, यांच्या तोंडालाच एक पट्टी शिवावी.

अशा दुकानात एका दुपारी ठकी आली. ठकी हे तिचं घरातलं नाव. तिला सहावं लागलं होतं. कपाळावर एक ताजं टेंगूळ, गुडघ्यावर खपल्या, आणि डावं बुबुळ नाकाच्या कुशीत जाऊन बसलेलं. उजवा डोळा तुमच्याकडे बघायचा तेव्हा डावा आपल्याच नाकाचा शेंडा तपासायचा. तिच्याबरोबर दोघी होत्या. एक तिची आई, रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करणारी, हातांना साबणाचा वास असलेली. मला ती बघताक्षणीच आवडली. दुसरी तिची आत्या. आत्याचा आणि ठकीच्या बाबांचा मिळून एक फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायची आत्या आणि अंधाऱ्या खोलीत ते धुऊन छापायचे बाबा.

आईनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि काकूंना सगळं सांगितलं.

"डाव्या डोळ्याला नजर फार कमी आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, मेंदू त्या डोळ्याचं ऐकतच नाही, उजव्यावर भागवतो. म्हणून उजवा झाकायचा. चांगला डोळा झाकला की डाव्याला कामाला लागावंच लागतं."

"बरोबर सांगितलंय," काकू म्हणाल्या. "चष्मा कायम, पट्टी रोज दुपारभर. आत्ताच आलात ते बरं झालं. डोळ्याचंही शिकायचं वय असतं, बाई. ते गेलं की डोळा जागेवर असतो, पण बघत नाही."

आई हे ऐकताना ठकीच्या खांद्यावरचा हात घट्ट करत गेली. आत्याचं लक्ष फ्रेमांकडे होतं. तिनं सोनेरी काडीची, फुलपाखरासारखी पसरट फ्रेम उचलून ठकीला घातली. ती सरळ नाकावरून घसरून ओठावर आली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार! काकूंनी सांगितलं की काच बुबुळासमोर यायला हवी, नाहीतर मूल वरून बघतं आणि नंबर वाया जातो. आत्या म्हणाली, "पण चेहरा किती नाजूक दिसतोय!" ठकी बिचारी मान मागे टाकून छताकडे बघत होती, फ्रेम पडू नये म्हणून.

आईनं कोपऱ्यातली एक गोल, लवचीक, मागे पट्टा असलेली फ्रेम काढली. दिसायला ती अगदीच अजागळ होती. ठकीनं घातली, डोकं गदागदा हलवलं, फ्रेम जागची हलली नाही.

"ही द्या," आई म्हणाली.

"अगं, बेडूक दिसतोय बेडूक!" आत्या म्हणाली.

"बेडकाला दिसतं तरी, वन्सं."

अशी ती फ्रेम घेतली गेली आणि तिच्याबरोबर खिळ्यावरची मी.

पहिले काही दिवस आईनं रजा काढली होती. मला तिनं स्वतः उजव्या काचेवर चढवलं, पाख कानाकडे वळवून नीट बसवली. आणि मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! ठकीनं भोकाड पसरलं. चांगल्या डोळ्यासमोर अंधार आणि उरलेल्या डोळ्यासमोर नुसतं धुकं. ती दाराला धडकली, खुर्चीवर आपटली, दुधाच्या पेल्यात तिनं हाताचा पंजा बुडवला. तिचे अश्रू माझ्या आतल्या बाजूला, शेंबूड खालच्या काठाला, आणि सकाळी नीट न धुतलेल्या डोळ्यातली चिपडं थेट माझ्या पोटात. शी! रोज संध्याकाळी मी ओलीचिंब आणि चिकट होऊन खुंटीवर लटकायची. आई रोज मला धुवायची, तरी आतल्या बाजूला एक पिवळट डाग राहिलाच. तो कधी गेला नाही.

पण एक सांगते. त्या धडपडीत एका दुपारी ठकी जमिनीवर पडलेल्या लाल बटणाकडे रांगत गेली आणि तिनं ते उचललं. चाचपडत नाही, बघून. आईनं तिला उचलून एवढं दाबलं की मी दोघींच्या मध्ये चेपून गेले. माझं काम लागू पडत होतं, याचा मलाही जरा तोरा आला. मग रजा संपली.

आता सकाळी शाळा, आणि दुपारी शाळा सुटल्यावर ठकी स्टुडिओत, आत्या आणि बाबांजवळ. आईची पाळी संध्याकाळी सुटायची. आईनं निघताना बजावलं, "उजव्या डोळ्यावर. रडली तरी काढायची नाही." बाबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आता या स्टुडिओबद्दल सांगायलाच हवं. बाहेरच्या खोलीत पडदा, दिवे, एक मखमली खुर्ची. आतल्या खोलीत आत्याचं टेबल, त्यावर केसासारखा बारीक कुंचला आणि रंगाच्या वड्या. फोटो छापून झाला की आत्या त्यावर हात फिरवायची. मुरूम गेले, टक्कल भरलं, पुढे आलेले दात मागे गेले, कुणाच्या हनुवट्या तीनाच्या एक झाल्या. लोक खूश होऊन फोटो न्यायचे. आत्याचा हात फार कसबी, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पण वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिची एक खात्रीच होऊन बसली होती, की वाईट दिसतं ते झाकलं की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंतीवर ठकीचे फोटो होते, पाळण्यातल्यापासूनचे, आणि प्रत्येकात तिचं डावं बुबुळ मधोमध, सरळ, कुंचल्यानं काढलेलं. ठकी एकदा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ही दुसरी मुलगी आहे." सगळे हसले होते.

मला हसू आलं नाही. मला त्या भिंतीचा उबग आला होता.

एका दुपारी ठकी उजव्या डोळ्यावर मला घेऊन पडद्याला अडखळली आणि दिव्याचा खांब घेऊन खाली आली. लागलं नाही, पण रडं मोठं होतं. समोर एक बाई आपल्या बाळाचा फोटो काढायला बसल्या होत्या. त्या ठकीकडे बघून बरोबर आलेल्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "अगंबाई, डोळा बघ कसा!" आत्यानं ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं ठकीला मांडीवर घेतलं, तिचे डोळे पुसले आणि भावाला हाक मारली.

"अरे, हा काय न्याय झाला? पोरीचा धडका डोळा झाकायचा आणि वाकडा जगाला दाखवायचा? पडतेय, झडतेय, वर लोकांची बोलणी खातेय. झाकायचाच तर तो झाका ना!"

"पण डॉक्टरबाई..." बाबा म्हणाले.

"डॉक्टरबाईंना लोक हसत नाहीत. पोरीला हसतात."

आत्याचं ठकीवर प्रेम नव्हतं असं मला म्हणता येत नाही. तिथंच तर माझं डोकं फिरतं. प्रेमानंच तिनं माझी पाख उसवली, मला उलटं करून पाख दुसऱ्या बाजूला वळवून शिवली आणि डाव्या काचेवर चढवलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आता माझी डागाची बाजू जगाकडे आली. तो पिवळट डाग आत्याच्या डोळ्यांत सलला. म्हणून तिनं त्याच्यावर गुलाबी कापडाचं एक फूल शिवून टाकलं.

फूल! माझ्यावर! मी चिपडं सोसली, शेंबूड सोसला, पण त्या फुलाइतकी घाण मला कशाचीच वाटली नाही. खालचा डाग तसाच, वर गुलाबी पाकळ्या. येणारीजाणारी गिऱ्हाइकं म्हणायची, "कित्ती गोड!" ठकी रडायची थांबली होती. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, उजव्या डोळ्यानं. ती पळत होती, हसत होती. आणि माझ्यामागे, अंधारात, तो डावा डोळा नाकाकडे वळून पडून असायचा. मी त्याच्या सगळ्यात जवळ होते. सुरुवातीला तो माझ्या कापडाच्या विणीतून येणारा उजेडाचा कण शोधायचा. पुढे पुढे तेही सोडून दिलं त्यानं. मला वाचा असती तर मी ओरडून ओरडून स्टुडिओ डोक्यावर घेतला असता. पण पट्टीचं कोण ऐकतं? आणि बोलणारा जो होता, तो कानाडोळा करून अंधाऱ्या खोलीत फोटो धूत बसला होता. आपल्या बायकोला सांगायची छाती नाही आणि बहिणीला अडवायची हिंमत नाही. असल्या गरीब स्वभावाचं लोक कौतुक करतात. मला तर त्याची ओकारी येते.

संध्याकाळी आत्या मला काढून टेबलाच्या खणात टाकायची आणि ठकीला घरी पोचवायची. आईनं विचारलं की उत्तर तयार असायचं: "लावली होती गं दुपारभर. मीच धुऊन वाळत घातलीये." सुट्टीच्या दिवशी आई घरी असायची, तेव्हा आत्या म्हणायची, "आज पोरीलाही सुट्टी दे." आई दमलेली असायची. तिला वाटायचं, रोज होतंय ना नियमानं, एक दिवस नाही तर नाही. असे महिने गेले. पावसाळा गेला, थंडी आली.

मग आत्यानं आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला. ठकी त्या फुलाच्या पट्टीत इतकी गोड दिसते, म्हणून तिनं तिचा एक मोठा फोटो काढला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. पहिल्यांदाच असा फोटो, ज्यात तिला डोळ्यावर कुंचला फिरवावा लागला नव्हता. त्याचं काम मीच केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी धुलाईखान्यातलं पाणी तापवायचं यंत्र बिघडलं आणि आईची पाळी लवकर सुटली. ती ठकीला न्यायला थेट स्टुडिओवर आली. मी आतल्या खोलीत ठकीच्या डोळ्यावर होते, दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. आई काचेसमोर थांबली. फोटो बघून आधी हसली. मग तिचा हात आपल्याच डोळ्याकडे गेला, आधी उजव्या, मग डाव्या. ती तशीच आत आली.

"वन्सं," ती म्हणाली, "बाहेरचा फोटो उलटा छापला गेलाय का?"

तिच्या आवाजात एवढी आशा होती, की मला ते ऐकवेना. उलटा छापला असेल, आरशासारखं झालं असेल, आणि सगळं ठीक असेल. आत्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तिचं त्या दिवशी निभावलं असतं. पण आत्याच्या कसबाला धक्का लागला होता.

"उलटा? माझ्या हातून? एवढ्या वर्षांत एक फोटो उलटा गेला नाही या स्टुडिओतून! नीट बघ, फ्रॉकचा खिसा जिथे आहे तिथेच आहे की नाही!"

खिसा आईनंच शिवला होता, डाव्या बाजूला. फोटोत मीही त्याच बाजूला होते. आत्याला आपण काय बोललो ते कळलं, पण तोवर ठकी आईचा आवाज ऐकून बाहेर धावत आली होती, डाव्या डोळ्यावर मला आणि माझ्यावर ते फूल घेऊन.

आई खाली बसली. तिनं ठकीला समोर उभं केलं.

"ही पट्टी इकडे कुणी लावली गं?"

"आत्यानं. हा डोळा झोपतो ना, म्हणून," ठकी म्हणाली. "आत्या म्हणते झोपू दे त्याला. झोपला की मी छान दिसते."

आईनं मला काचेवरून ओढून काढलं आणि आपल्या तळव्यानं ठकीचा उजवा डोळा झाकला. "ठके, माझ्या किती बोटं आहेत बघ." ठकीनं डोकं वाकडं केलं, तळव्याच्या कडेनं बघायला गेली, आईनं बघू दिलं नाही. मग ती हसत म्हणाली, "आई, तू कुठे आहेस?"

आई तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

बाबा अंधाऱ्या खोलीच्या दारात उभे होते, ओल्या हातांनी. "ताई म्हणाली म्हणून..." त्यांनी सुरुवात केली. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथंच मेलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "रोज माझ्यासमोर जेवत होतात आणि तुम्हाला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरबाईंकडे गेले. मी आईच्या मुठीत होते. बाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "आधी होती त्यापेक्षाही नजर कमी झालीये. किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाही. वेळ फार थोडा आहे."

आत्या मध्येच म्हणाली, "बाई, ऑपरेशननं डोळा सरळ होतो म्हणे. तेच करून टाका ना. म्हणजे प्रश्नच मिटला."

"कुणाचा प्रश्न?" बाईंनी विचारलं. "डोळ्याची जागा मी पुढे सरळ करून देईन. पण आत्ता केलं तर तिच्याकडे सरळ दिसणारा आंधळा डोळा राहील. फोटोला चालेल तो. तिला चालेल का, ते सांगा."

घरी परतल्यावर आत्यानं आईच्या हातातून मला घेतलं, खिडकीशी बसून फूल उसवलं, पाख पुन्हा होती तशी शिवली आणि मला टेबलावर ठेवलं. "मी चुकले" असं ती म्हणाली नाही. "माझ्यासमोर नको लावूस, मला बघवत नाही," एवढंच म्हणाली आणि गेली. ती खोटं बोलली नाही, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

मग मी पुन्हा उजव्या काचेवर चढले. या वेळी दुपारभर नाही, शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत. ठकी आता मोठी झाली होती, तिचा रागही मोठा झाला होता. तिनं मला ओरबाडलं, माझ्यावर थुंकली, एकदा तर मला खिडकीतून थेट गटारात भिरकावलं. काठीनं मला वर काढलं तेव्हा माझ्यावर काय काय चिकटलं होतं ते सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही. आईनं मला धुलाईखान्यात नेलं आणि उकळत्या पाण्यात टाकलं, रुग्णालयाच्या चादरींबरोबर! त्या चादरींवर कोण झोपलं होतं आणि त्यांना काय झालं होतं, याचा विचार करत मी गरागरा फिरत राहिले.

दुपारी ठकीजवळ बसायचं काम बाबांकडे आलं. कानाडोळा करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आता डोळ्यांत तेल घालून बसावं लागलं. ठकी मला काढायला गेली की हात धरायचा, ती किंचाळली की ऐकून घ्यायचं. ते तिला मणी ओवायला द्यायचे, डाळीतून खडे निवडायला द्यायचे, चित्राच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायला लावायचे. पहिले कितीतरी दिवस एकही मणी दोऱ्यात गेला नाही. ती मण्यांची वाटी बाबांच्या अंगावर फेकायची, ते मुकाट्यानं रांगत मणी गोळा करायचे. एकदा त्यांना रडू फुटलं, तर ठकी म्हणाली, "तुम्हाला कुणी पट्टी लावलीये का?" मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. थोडी उशिराच यायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ठकी आणि बाबा घराच्या पायरीवर बसले होते. उजव्या डोळ्यावर मी. ठकी दगडावर खडूनं रेघा ओढत होती. रस्त्याच्या वळणावर एक दिव्याचा खांब आहे. घरापासून तो बराच लांब. आईच्या परतायची ती वेळ. ठकीनं मान वर केली आणि रेघ ओढायची थांबली. डोकं वाकडं न करता, माझ्या कडेच्या फटीतून चोरून न बघता, ती नुसती बघत राहिली.

थोड्या वेळानं आई आली, रोजच्यासारखी हसत.

"काय गं ठके, किती रेघा काढल्यास?"

"आई, तू त्या खांबाशी रडत होतीस," ठकी म्हणाली.

आईचं हसू जागच्या जागी थांबलं. "छे गं. डोळ्यात धूळ गेली होती."

"धूळ नाही. तू पिशवी खाली ठेवलीस. मग बाहीनं डोळे पुसलेस. मग आणखी रडलीस. मग असं असं तोंड केलंस," आणि ठकीनं दोन्ही हातांनी आपले गाल वर ओढून हसण्याचं तोंड करून दाखवलं, "आणि मग आलीस."

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी खांबाकडे बघितलं, मग ठकीच्या डोळ्यावरच्या माझ्याकडे. मी जागेवर आहे ना, पाख नीट आहे ना, हे बोट फिरवून तपासलं. मी जागेवर होते. कुठे एक फट नव्हती. एवढ्या लांबचं ते सगळं डाव्या डोळ्यानं बघितलं होतं.

आई पायरीवर बसली. रोज त्या खांबाशी थांबत होती की त्याच दिवशी थांबली होती, ते मला माहीत नाही. तिनं पुन्हा तोंड फिरवायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबली. मग ती तशीच, ठकीच्या समोर, तोंड न झाकता रडली. ठकी अगदी जवळ जाऊन, डोळा मोठा करून, तिचं रडणं बघत राहिली. नंतर तिनं आईच्या नाकाखालचं पुसायला काय वापरलं असेल? मला! शी, शी, शी!

मित्रांनो, ठकीचा डावा डोळा उजव्याइतका कधीच झाला नाही. गेलेले महिने गेले, ते कुणी परत दिले नाहीत. पुढे ऑपरेशन झालं, बुबुळ बरंचसं मध्ये आलं, थोडं अजूनही दमलं की नाकाकडे सरकतं. पण तो डोळा बघतो. मी आता सुयादोऱ्यांच्या डब्यात बटणांच्या खाली पडून असते. डाग अजून आहे, आणि आता मी तो मिरवते.

माझं एवढंच मागणं आहे. मला रोज धुवा, स्वच्छ पाण्यानं, आणि कृपा करून चादरींबरोबर नको. मला सांगितलेल्या डोळ्यावरच लावा, कितीही रडू आलं तरी. झाकायचं काम माझं आहे, ते माझ्यावरच सोडा. आणि तुमच्या वर्गात कुणी पट्टी लावून आलं, तर त्याला चिडवू नका आणि "कित्ती गोड"ही म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "आज काय काय दिसलं?" त्यानं तुमच्याबद्दल काही सांगितलं, तर तोंड फिरवू नका.